शुक्रवार, एक चाळीस

कुरुळी
२ जून २०२५, सोमवार

शादाब,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, गेममधे पण केलंस. पोस्टात अजून ती सोय आलेली नाही, म्हणून हे पत्र. हातानं एवढं लिहायची सवय नाही. दहावीच्या पेपरात 'मित्रास पत्र' लिहिलं होतं, त्याला पाचातले दीड मार्क पडले होते. तेव्हा जास्त अपेक्षा ठेवू नको.

पत्ता तुझ्या अब्बांनी दिलेला नाही. चांदभाई आजकाल मला गॅरेजवर बघितलं की मुद्दाम गाडी रेस करतात, म्हणजे बोलायला नको. सोलापूरला जाणाऱ्या पार्सलवर तुझ्या मामूच्या बॅटरीच्या दुकानाचा पत्ता होता, त्याचा गुपचूप फोटो मारला. चोरीच आहे, पण बारकी.

इकडचं सांगतो. एजन्सीत तुझ्या खुर्चीवर कोणी बसत नाही, रविराज सरांनी तिच्यावर कुरियरचे खोके ठेवलेत. आपला सेफ्टीचा गेम चालू आहे. कंपनीच्या गेटवर कॉन्ट्रॅक्टची नवी पोरं टॅबलेट धरून उभी राहतात, फोटो निघतो, तोंड बाहुल्यावर बसतं, चार लेव्हल पास केल्या की जा मशीनवर. बाहुले तूच काढलेले, अजून तेच आहेत. सरांचा बाहुला बदकासारखा चालायचा, ते मात्र त्यांनी काढायला लावलं. मला म्हणले, "मी असा चालतो का?" आणि तसेच चालत केबिनमधे गेले.

पाच टिचक्या पण काढल्या. बाहुल्याच्या हेल्मेटवर पाचदा टिचकी मारली की न खेळताच चारी लेव्हल हिरव्या, हे कोणी घातलं, कशाला घातलं, यावर आता ऑफिसात कोणी बोलत नाही. कागदावर तुझं नाव आहे, मग बोलायचं काय राहिलं. मी सरांना सांगितलं होतं, शादाब असलं करणार नाही. दोनदा सांगितलं.

ज्योतीराम काकांना दवाखान्यातनं घरी सोडलंय. पत्रा दाबायच्या प्रेसमधे उजवा हात गेला तेव्हा वाटलं होतं पूर्ण पंजाच जाईल. दोन बोटं गेली, अंगठ्याच्या शेजारची. बाकी बरे आहेत असं ऐकतो. मी अजून गेलो नाही. कामाचा लोड आहे.

भांडायला तरी फोन कर, भावा. एकट्यानं भांडायचं म्हणजे कॅरम एकट्यानं खेळल्यासारखं होतं, दर वेळी मीच हरतो.

ओळख बघू कोण


कुरुळी
१९ जून

शादाब,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलंय. उत्तर नाही, म्हणजे वाचलंयस.

ईदला पण तू आला नाहीस. दर वर्षी तुझ्या घरनं रहमतबी चाची आमच्याकडं डबा धाडायच्या. या वर्षी आईनं दुपारपर्यंत काही टाकलंच नाही चुलीवर. मग तीन वाजता पिठलं केलं. मला काही विचारलं नाही. ते वाईट असतं, आई विचारत नाही तेव्हा.

काल गाडी घेऊन गॅरेजवर गेलो. चेन मीच ढिली केली होती, काहीतरी निमित्त पाहिजे ना.

चांदभाई म्हणले, "काय झालं?"

"आवाज करतीय."

"गाडी करत नाही. तू करतो."

मग खाली बसले, चेन बघितली, आणि मान वर न करता बोलायला लागले. शादाबचं हिंजवडीला काम होत आलं होतं. दोन मुलाखती झाल्या. पोरानं शर्ट पण घेतला. मग तिकडच्या बाईनं रविराजला फोन लावला, आधी कुठं होता, कसा होता. त्यानंतर तिकडून फोन आला नाही.

मला हे माहीत नव्हतं, शाद्या. शर्टाचं तर नव्हतंच.

पुढं म्हणले, "पंचवीस वर्षं गाड्या खोलतो मी, नवनाथ. कोणी नट अर्धा सोडला, कोणी वायसर उलटा घातला, मी नाव न विचारता सांगतो. ज्याचा त्याचा हात असतो. ते टिचक्यांचं काम माझ्या पोराच्या हाताचं नाही."

"मग कोणाच्या?"

मी विचारलं, बघ. माझंच तोंड, मलाच ऐकत नाही. त्यांनी चेन घट्ट केली, हात पुसले आणि म्हणले, "ढिली पण तूच केली ना ही? पान्याचे ओरखडे ताजे आहेत. जा."

तर आता शुक्रवारचं लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, पण मी अजून एकदापण तोंडानं बोललो नाही, म्हणून कागदावर.

जेवणाची सुट्टी अर्धा तास. चाकणला मशिदीत जाऊन नमाज पढून परत यायला दीड तास. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी सोडलं असतं की नसतं, आपण कधी विचारलंच नाही. त्यापेक्षा आपला मार्ग सोपा होता. तू लॅपटॉप उघडा टाकून निघायचास आणि जाता जाता म्हणायचास, "नव्या, पंच कर." मी तुझ्या लॉगिनमधनं काहीतरी किरकोळ बदल करून चढवायचो. तुझ्या नावावर पडायचं, सरांना वाटायचं शादाब जाग्यावर आहे. प्रेस शॉपला होतो तेव्हा पण हेच, तू उशिरा आलास तर मी तुझं कार्ड पंच करायचं, मला झोप लागली तर तू माझं. गेटवर बोटाचं मशीन आलं आणि ते बंद पडलं. लॉगिनला बोट लागत नाही.

तूच शिकवलंस, ह्या कोडमधे प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव आणि टाइम चिकटतो, आणि काही केलं तरी निघत नाही. ओळ खोडली तरी खोडल्याची नोंद राहते. मी म्हणलं, "भारी आहे, मी मेल्यावर पण माझ्या चुका राहतील." तू म्हणलास, "तुझ्या कुठल्या, माझ्या राहतील. तुझं लॉगिनच नाही." आपण त्यावर चहा सांडेपर्यंत हसलो होतो.

११ एप्रिलला शुक्रवार होता. दुपारी एक चाळीस. मला फक्त एका बटणाचा रंग बदलायचा होता. तो दोन मिनटांत झाला. मग कंटाळा आला, म्हणून पाच टिचक्या घातल्या. सोमवारी तुला दाखवून काढणार होतो, देवाशपथ. पण शनिवारीच गेटवर दोन पोरांना सांगून बसलो. त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. मंगळवारपर्यंत पोरं मला नवनाथ शेठ म्हणायला लागली. मला आजवर शेठ कोणी म्हणलं होतं? आमच्या कुत्र्यानं पण नाही.

आणि सरांना दोनदा सांगितलं म्हणून लिहिलं होतं ना, ते खोटं. काकांच्या अपघातानंतर सरांनी तो छापलेला कागद टेबलावर ठेवला, तुला विचारलं, "हे तुझंच नाव ना?" तू हो म्हणलास. मग माझ्याकडं वळून म्हणले, "तुला काही माहीत होतं?" मी नाही म्हणलं. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर कदाचित बोललो असतो. हे पण खोटं असंल. मला आता माझं खरं-खोटं पटकन कळत नाही.

तुझा नव्या


कुरुळी
८ जुलै

शादाब,

आता जे लिहितोय त्यावर तू शिव्या घालशील. घाल.

महिन्यापूर्वी ऑनलाइन गेममधे तुझ्या टीमला जी करिष्मा आली, गुलाबी केसांची, गोळ्या कमी मारणारी आणि सारखी तुझ्या जखमेला पट्टी बांधणारी, ती मी.

मस्करी म्हणून नाही केलं. म्हणजे सुरुवातीला थोडी होती. नवीन आयडी काढला, बाई केली, कारण बाईला टीममधे कोणी नाही म्हणत नाही. मला फक्त बघायचं होतं तू कसा खेळतोस. पहिल्यासारखाच खेळतोस, भिंतीला चिकटून, दुसऱ्याला आधी जाऊ देऊन.

परवा आपण दोघंच उरलो होतो त्या पडक्या गोदामात. करिष्मानं लिहिलं, गाव का सोडलं. तुझा बाहुला खिडकीशी उभा. मग लिहिलंस, "एका दोस्ताचं नाव घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा जागा सोडली."

करिष्मानं विचारलं, "शुक्रवारी तू जाग्यावर नव्हतास एवढंच सांगायचं ना मग."

पाठवल्यावर कळलं काय लिहिलंय. करिष्माला शुक्रवार कुठनं माहीत? मी फोन फेकून देणार होतो. तू ते वाचलं नाहीस, का वाचून सोडलंस, मला अजून कळलेलं नाही. तू लिहिलंस, "सांगितलं असतं तर विचारलं असतं, मग जाग्यावर कोण होतं."

आणि मग लिहिलंस, "तो लहानपणापासून तसाच आहे. खोडी काढतो आणि लपतो. मी थांबलो होतो की येईल बाहेर."

"अजून थांबलायस?"

"नाही. संपलं."

मी करिष्माला दारातनं बाहेर काढलं आणि मोकळ्या मैदानात नेऊन उभी केली. दोन सेकंदांत कोणीतरी मारली. तू लिहिलंस, "नेट गेलं का?" तेवढ्यात ती परत उभी राहिली, गुलाबी केस, कपड्याला डाग नाही. बाहुल्यांचं बरं असतं.

करिष्माचा आयडी उडवलाय. ती परत येणार नाही. तुला पट्टी बांधणारी ती एकच होती हे मला ठाऊक आहे, पण दुसऱ्याच्या नावानं पट्टी बांधायची पण आता भीती वाटते.

नव्या


कुरुळी
२० जुलै, रविवार

शादाब,

आज ज्योतीराम काकांकडं गेलो. सव्वादोन महिने लागले. त्यांची खोली आमच्या घरापासनं चालत सात मिनिटांवर आहे.

तुला अजून एक गोष्ट माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. मागच्या तीन पत्रांत मी तिच्या कडेकडेनं चाललोय.

सगळ्यांना वाटतं काकांनी कोणाकडनं तरी टिचक्या शिकून स्वतः मारल्या. कंपनीचं तर तेच म्हणणं आहे, तुम्ही न शिकता पास झालात, म्हणजे हात तुमच्या चुकीनं गेला. काकांना टिचक्या माहीतच नव्हत्या. ६ मेला ते दुसरीकडची शिफ्ट करून थेट गेटवर आले होते. टॅबलेट हातात, वाचायला वेळ लागायला लागला, मागं वीस जणांची लाईन आणि सगळे ओरडतायत. मी तिथंच होतो, टॅबलेट चार्जिंगला लावायला आलेलो. ते म्हणले, "बघ रे बाबा, मला काय हे जमंना. लवकर कर." मी त्यांच्या हातातनं घेतला आणि पाच टिचक्या मारल्या. बाहुला नाचला. फोटोतला काकांचा पडका दात पण त्याच्या तोंडात आला होता. ते बघून एवढे हसले. "आरं, दात बी माझाच हाय की." मागची लाईन पण हसली. मला वाटलं मी पुण्य केलं.

प्रेसला दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. घाई असली की पोरं एका बटणावर टेप मारून ते दाबलेलंच ठेवतात. आपली तिसरी लेव्हल सगळी त्याच्यावरच होती. टेप दिसली की मशीन बंद, सुपरवायझरला हाक. ती तू आठ दिवस बसून बनवलीस. काकांनी ती बघितलीच नाही. १४ मेला त्यांना जे मशीन मिळालं, त्याच्यावर आधीच्या शिफ्टची टेप होती.

खोलीत गेलो तर काका डाव्या हातानं भात खात होते, लहान पोरासारखा सांडत. "काय करायलास रे लेकरा, बस की," म्हणले. मंजुळाबाई काकूंनी चहा दिला. काका गंमत सांगायला लागले. गेटवर गेले होते, परत घेतात का विचारायला. बोटाचं मशीन त्यांना ओळखेना, कारण त्यात जे बोट नोंदवलेलं, तेच गेलं. "वॉचमन म्हणला, दुसरं बोट लाव. म्या म्हणलं, दुसरं बी त्याच्यासंगंच गेलं बाबा." स्वतःच हसले. मला हसता येईना.

मग मी सांगितलं. उभ्यानं सांगितलं, बसून जमलं नाही. टिचक्या मी घातल्या, शादाबच्या नावावर मी घातल्या, तुमच्या बाहुल्यावर मीच मारल्या.

काकांनी डाव्या हातानं ताट बाजूला सारलं. मग म्हणले, "त्या तिसऱ्या लेव्हलमधी काय होतं रे?"

मी सांगितलं.

"टेप व्हय," म्हणले. "दिसली होती मला. म्या म्हणलं, बटण फुटलं असंल, म्हणून कुणीतरी चिटकवलंय."

शाद्या, त्यांना दिसली होती.

पुढं तर त्यांनी कहर केला. म्हणले, "तुला कामून बोलू? म्याच म्हणलं ना, लवकर कर." मला वाटलं होतं मारतील. मारायला पाहिजे होतं.

काकू उठल्या आणि माझ्या हातातला कप काढून घेतला. निम्मा चहा होता त्यात. मोरीत ओतला. मग म्हणल्या, "त्या शादाबला आमी दोन महिने शिव्या देयलाव. त्याची माय दळणाला दिसली तर म्या तोंड फिरवलं. ती थांबली होती, काही बोलायचं होतं तिला. ते फिरवलेलं तोंड आता कसं परत करू? सांग की. तू लई हुशार हाईस ना."

मी हुशार नाही म्हणून सांगायचं होतं. दार लावून घेतलं त्यांनी.

नवनाथ


कुरुळी
१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

शादाब,

हे शेवटचं पत्र. पुढं मी त्रास देणार नाही.

सोमवारी रविराज सरांच्या केबिनमधे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मधे एकदा फोन पण कापला. मग म्हणले, "नवनाथ, कंपनीनं रिपोर्ट घेतला, नाव पडलं, माणूस गेला, फाईल बंद झाली. तू आता कशाला उकरतोस?"

मी म्हणलं, "नाव चुकीचं पडलंय."

म्हणले, "नाव कुठलंतरी लागतं."

मी म्हणलं, मग मला माझं लॉगिन द्या, मी त्यातच लिहितो. ते हसले. म्हणले दहावीला किती मार्क होते तुला. ते पण खरंच आहे.

पण तो कोड आपल्या एकट्याच्या एजन्सीचा नाही हे तूच सांगितलं होतंस. तीन एजन्सीची पोरं त्यातच काम करतात, आणि तिन्हीकडच्या कंपन्यांची माणसं बघतात. भोसरीच्या एजन्सीतला समर्थ आठवतो का, तुझ्याकडनं बाहुल्यांचे हात काढायला शिकला तो? त्याला फोन केला. तो म्हणला, "शादाबचं काम आहे का?" मी हो म्हणलं. त्यानं पाच मिनटांत लॉगिन दिलं. तुझं नाव तिकडं अजून चालतं.

लॉगिनला नाव टाकायचं होतं. मी तीन वर्षं त्या कोडमधे हात घालतोय आणि माझं नाव त्यात पहिल्यांदा टाइप केलं. दोनदा चुकलं.

एक काम केलंय, ते तुला विचारायला पाहिजे होतं. आपल्या गेममधे हात प्रेसमधे गेला की बाहुला लाल व्हायचा आणि तीन सेकंदांनी ठणठणीत उभा राहायचा, 'पुन्हा खेळा'. सरांनीच सांगितलं होतं, पोरं घाबरायला नकोत. तिसऱ्या लेव्हलमधलं ते मी बदललं. आता बाहुला उठतो, पण हात तसाच राहतो. पुढचं सगळं त्याला तशाच हातानं करावं लागतं, डबा उघडायचा, बूट बांधायचे, गेटवर बोट लावायचं. मशीन लाल दिवा दाखवतं.

त्याला काकांचाच बाहुला लावलाय. विचारायला गेलो होतो परत. काकूंनी दार उघडलं, आत ये म्हणल्या नाहीत, पण दार उघडं ठेवलं. काका आतनंच म्हणले, "लाव की. पण दात तसाच ठेव." तुझ्या चित्रातली दोन बोटं मी खोडली. लई वेळ लागला. तू नखं पण काढली होतीस.

बदल चढवताना खाली काय केलं ते लिहायचं असतं. तुझ्या नावावर मी कायम लिहायचो, 'रंग बदलला', 'बदक नीट केलं'. या वेळी हे लिहिलंय, जसंच्या तसं उतरवतो:

'११ एप्रिल, दुपारी १:४० चा बदल शादाबचा नाही. तो तेव्हा चाकणला नमाजला गेला होता. त्याच्या लॉगिनमधून मी केला. ज्योतीराम यांची परीक्षा त्यांनी दिलेली नाही, मी टिचक्या मारल्या. त्यांना टिचक्या माहीत नव्हत्या. शादाबला पण नव्हत्या. नवनाथ, कुरुळी.'

अर्ध्या तासात माझं ऑफिसचं कार्ड बंद झालं. कंपनीच्या सेफ्टीवाल्यांनी येत्या सोमवारी लिहून द्यायला बोलावलंय. काय होईल माहीत नाही. आईला सांगितलंय. ती म्हणली, "जेवून जा." त्या नोंदीची छापील प्रत काढून चांदभाईंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि पान्यांच्या खोक्यात ठेवली. मला बस म्हणले नाहीत. पण गाडी रेस केली नाही.

काकू काल रहमतबी चाचींकडं गेल्या होत्या म्हणे. दारातनंच परत आल्या. कडी वाजवायचं धाडस झालं नाही.

तुझ्या नावाची ती ओळ निघत नाही, मी बघितलं सगळं करून. तिच्यावर माझी फक्त ठेवता येते. हिंजवडीच्या बाईनं कधी उघडलंच, तर आता दोन्ही दिसतील. माफी मागत नाही. बोटं खोडली तुझ्या चित्राची, तेवढ्याची मागतो.

घड्याळात एक चाळीस झालेत. तू मशिदीत असशील, सोलापूरच्या. तिकडं ऑफिसात तुझ्या खुर्चीवर खोके आहेत, लॅपटॉप बंद आहे, आणि तुझ्या जागी कोणी पंच करत नाहीये.

नवनाथ